डीएमएच दिलं, पण गाठ दिसली नाही: मग आतड्यात झालं काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो आधी थोडक्यात मांडते. तुम्ही इथेच कोल्हापुरात एम. फार्म. करताय. एका वनस्पतीचा अर्क मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर चालतो का, हे बघायला विस्टार जातीच्या रॅटना डायमिथिलहायड्राझिन, म्हणजे डीएमएच, हे आतड्यात कॅन्सर आणणारं केमिकल दिलं. आठवड्यातून एकदा, त्वचेखाली, किलोला २० मिलिग्रॅम, असे १० आठवडे. सोळाव्या आठवड्यात सॅक्रिफाइस करून, म्हणजे प्राणी मारून, आतडी उघडली, तर नुसतं डीएमएच दिलेल्या सहा रॅटमध्ये डोळ्यांना एकही गाठ दिसेना. एका ठिकाणी उंचवटा वाटला, पण खात्री नाही. गाईड म्हणतात प्रयोग पुन्हा करा, सीनियर म्हणतो डोस दुप्पट कर. आणि तुम्ही विचारताय की केमिकल गेलं होतं का, आणि वर्ष वाया गेलं का.

वर्ष वाया गेलं की नाही हे केमिकलवर ठरणार नाही. ती आतडी तुम्ही कशात आणि कशी ठेवलीत, यावर ठरणार आहे.

मी पॅथॉलॉजीची. गेली २२ वर्षं प्राण्यांच्या आतड्यांच्या स्लाइड बघतेय, त्यातल्या बऱ्याचशा डीएमएच आणि त्याच्याच भावकीतल्या अझॉक्सिमिथेनच्या प्रयोगांतल्या. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन दर वर्षी एक-दोन मुलं येतात, आणि बहुतेकांची अडचण एकच असते. डोळ्यांना दिसणारी गाठ ही या सगळ्या प्रकाराची शेवटची पायरी आहे. तुम्ही मोजायला शेवटची पायरी निवडलीत आणि प्रयोग तिच्या अलीकडे थांबवलात. आतड्यात काही झालं नाही असं यातून निघत नाही. जे झालं ते बघायला तुम्ही भिंग घेतलं नाहीत, एवढंच निघतं.

एक खुलासा आधीच करते. मराठीत आपण दोघांनाही उंदीर म्हणतो, पण इथे रॅट आणि माऊस वेगळे धरायलाच हवेत, कारण दोघांची वागणूक वेगळी. माऊसमध्ये तर जातीजातीत फरक आहे: ए/जे जातीच्या माऊसला अझॉक्सिमिथेनने भरपूर गाठी येतात, एकेआर/जे जातीला त्याच डोसमध्ये जवळजवळ येत नाहीत. त्यामुळे माऊसच्या लेखातले आठवडे उचलून रॅटच्या प्रयोगाला लावू नका.

आता विषाचा प्रवास बघू. तो नीट कळला की तुमचे निम्मे प्रश्न सुटतील.

या शोधाची सुरुवात प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावरची. तिथले लोक सायकॅड या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या बियांचं पीठ खात, पण आधी बिया दिवसेंदिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून, वाळवून. १९६०च्या दशकात लॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न भिजवलेल्या बियांचं पीठ रॅटना खाऊ घातलं, तर यकृत, मूत्रपिंड आणि आतडं यांत गाठी आल्या. त्यातलं द्रव्य सायकॅसिन. आणि पुढची गोष्ट मला आजही थक्क करते: जंतुविरहित वाढवलेल्या रॅटना सायकॅसिन दिलं तर काहीच होत नव्हतं. आतड्यातले जीवाणू त्याला चिकटलेली साखर तोडतात, तेव्हा कुठे आतलं विष मोकळं होतं. त्याचं नाव मिथिलअझॉक्सिमिथेनॉल, आपण मॅम म्हणू. १९६७ साली जर्मनीत ड्रकरे यांनी दाखवलं की डीएमएच दिलं की रॅटच्या मोठ्या आतड्यातच प्रामुख्याने गाठी येतात. डीएमएचचं पुढे होतं तेही मॅमच.

म्हणजे तुम्ही टोचता ते डीएमएच स्वतः विष नाही. शरीरात त्याचं आधी अझोमिथेन होतं. हे वायुरूप असल्याने काही भाग प्राण्याच्या श्वासावाटे बाहेर पडतो. (टोचल्यानंतरचा दिवसभर त्या खोलीतला पंखा आणि एक्झॉस्ट चालू ठेवा, पिंजरे आणि भुसा हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला. हे मी प्रत्येकाला सांगते, कारण प्राण्याच्या काळजीत आपली काळजी राहून जाते.) अझोमिथेनचं अझॉक्सिमिथेन, आणि त्याचं यकृतात सायटोक्रोम २ई१ या एन्झाइममुळे मॅम. मॅम मुख्यतः रक्तावाटे आतड्यापर्यंत पोचतं, तिथे फुटतं आणि डीएनएवर मिथिल गट चिकटवतं. सगळ्यात घातक जागा म्हणजे ग्वानिनचा सहावा ऑक्सिजन. असा ग्वानिन पेशी दुभंगताना सायटोसिनऐवजी थायमिनशी जोडी लावतो आणि जी-सीच्या जागी ए-टी होऊन बसतं. यकृतात ही चूक दुरुस्त करणारं प्रथिन भरपूर असतं, आतड्याच्या अस्तरात कमी. विष यकृतात तयार होतं आणि भोगतं आतडं, त्यामागचं हे एक कारण.

पण चूक झाली म्हणजे गाठ झाली असं नाही. आतड्याचं अस्तर म्हणजे लाखो छोट्या आडांची रांग आहे. प्रत्येक आड म्हणजे एक क्रिप्ट. नव्या पेशी तळाशी जन्मतात, भिंतीवरून वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत काठावरून गळून जातात. वाटेतल्या पेशीत म्युटेशन झालं तर ती पेशी आठवड्याच्या आत शौचावाटे बाहेर. धोका फक्त तळाच्या मूळपेशींचा. त्यातल्याही बऱ्याच, डीएनए बिघडला की काही तासांतच आपणहून मरतात. इंजेक्शननंतर सहा-आठ तासांनी काढलेल्या आतड्याच्या स्लाइडवर क्रिप्टच्या तळाशी तुटून गोळा झालेल्या काळ्या ठिपक्यांसारख्या मेलेल्या पेशी दिसतात. ते दृश्य मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शरीर किती झटून सांभाळत असतं याची मला जाणीव झाली.

या सगळ्यातून एखादी मूळपेशी वाचते. रॅटमध्ये तिच्यात बऱ्याचदा बीटा-कॅटेनिनच्या जीनमध्ये बदल झालेला असतो, काहींत के-रासमध्ये. बीटा-कॅटेनिन हे पेशीला ‘वाढ’ सांगणारं प्रथिन. एरवी ते वापरून झालं की मोडीत निघतं. बदललेलं मोडीत निघत नाही, साठत जातं. ही पेशी हळूहळू तो सगळा क्रिप्ट आपल्या लेकरांनी भरून टाकते. मग क्रिप्ट तळातून दुभंगतो, एकाचे दोन, दोनाचे चार. आपल्या भागातल्या माणसाला हे सांगायला मला उसाइतकं सोपं उदाहरण मिळालेलं नाही. एका कांडीला बुडातून फुटवे येतात आणि बेट होतं, तसंच. वरून बघितलं तर उसाच्या बेटासारखा चार, सहा, दहा दाट क्रिप्टचा एक पुंजका दिसतो. याला म्हणतात अ‍ॅबरंट क्रिप्ट फोकाय, एसीएफ. पुढे त्यातल्या मोजक्याच पुंजक्यांची अ‍ॅडिनोमा नावाची गाठ होते, आणि त्यातल्याही काहींचा कॅन्सर. एका रॅटच्या आतड्यात एसीएफ शंभराच्या वर असू शकतात, आणि शेवटी गाठी दोन-तीन. या गळतीलाच आठवडे लागतात.

रंजना बर्ड या संशोधिकेने १९८७ साली हे पुंजके बघण्याची साधी रीत दाखवली, आणि तुमची सुटका त्यातच आहे. आतडं सलाइनने धुऊन उभं चिरायचं, दोन फिल्टर पेपरमध्ये सपाट ठेवायचं, १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये किमान २४ तास. मग ०.२ टक्के मिथिलीन ब्लूमध्ये पाच-दहा मिनिटं बुडवून, धुऊन, अस्तराची बाजू वर करून काचेवर, आणि साध्या मायक्रोस्कोपखाली ४० पट मोठं करून बघायचं. महागडं काही लागत नाही. बी. फार्म.च्या प्रयोगशाळेतला मायक्रोस्कोप चालतो.

दिसतं कसं, ते सांगते. निळसर पट्टी, त्यावर चाळणीसारखी सारख्या आकाराची गोल भोकं, ओळीने. सरकवत गेलात की मध्येच एक जागा अडते. तिथली भोकं शेजारच्यांपेक्षा मोठी, रंग गडद, कडा जाड, तोंड गोल नसून मिटत आलेल्या पापणीसारखं लांबट, आणि फोकस फिरवला तर तो पुंजका आजूबाजूपेक्षा किंचित वर आलेला. क्रिप्ट मोजायचे आणि लिहायचे: किती पुंजके, प्रत्येकात किती क्रिप्ट. चार किंवा जास्त क्रिप्टचे पुंजके वेगळे लिहा, गाठीशी त्यांचं नातं जास्त घट्ट आहे. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा भागही वेगळा मोजा.

तुम्हाला जिथे उंचवटा वाटला, ती जागा कापून स्लाइड केल्याशिवाय तिला गाठ म्हणू नका. रॅटच्या मोठ्या आतड्यात लिम्फॉइड, म्हणजे रोगप्रतिकाराच्या, पेशींचे नैसर्गिक उंचवटे असतात, आणि वरच्या भागात माशाच्या काट्यासारख्या तिरक्या घड्या असतात. मागे एका मुलीने पाच गाठी म्हणून आणलेल्या पाचपैकी चार जागा लिम्फॉइड निघाल्या. पाचवी मात्र खरीच अ‍ॅडिनोमा होती, तीही लिम्फॉइड पेशींच्या अगदी कडेला. म्हणून डोळ्यांवर ना पूर्ण विश्वास ठेवा, ना पूर्ण अविश्वास. आणि सॅक्रिफाइस करताना कानाच्या बुडाशी एखादी गाठ दिसली होती का, तेही आठवा. रॅटच्या कानाजवळच्या झिम्बल ग्रंथीत डीएमएचने गाठी येतात. आतड्यात काही दिसलं नसलं तरी ती दिसली असेल, तर केमिकल कामाला लागलं होतं असं धरता येतं.

आता केमिकल गेलं होतं का. लांबून सांगता येणार नाही, पण तीन जागा तपासा. मी स्वतः पहिल्यांदा याच बघते.

पहिली, वजन कुणाचं धरलंत. बाजारात मिळतं ते डीएमएचचं डायहायड्रोक्लोराइड सॉल्ट. सॉल्टचा रेणुभार १३३, नुसत्या बेसचा ६०. म्हणजे २० मिलिग्रॅम सॉल्टमध्ये बेस साधारण ९ मिलिग्रॅमच. बऱ्याच लेखांत २० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, पण बेस की सॉल्ट हे लिहिलेलं नसतं. तुम्ही ज्या लेखावरून डोस घेतलात तिथे बेस धरला असेल, तर तुमच्या रॅटना निम्म्याहून कमी मिळालं.

दुसरी, रॅटचं वजन दर आठवड्याला घेतलंत का. सुरुवातीला १५० ग्रॅमचा रॅट दहाव्या आठवड्याला ३०० ग्रॅमचा होतो. पहिल्या दिवशी काढलेला मिलिलिटर शेवटपर्यंत तोच ठेवला असेल, तर शेवटचा डोस किलोमागे निम्माच झाला.

तिसरी, द्रावण. सॉल्ट आम्लधर्मी असतं. ईडीटीए घातलेल्या सलाइनमध्ये विरघळवून, पीएच ६.५च्या आसपास आणून, त्याच दिवशी ताजं वापरायचं. आठवड्याचं द्रावण करून फ्रिजमध्ये ठेवलं असेल, तर काय उरलं असेल याचा भरवसा नाही.

या तिन्हींत तुम्ही काटेकोर असलात तरीही १६ आठवड्यांत गाठ न दिसणं नवलाचं नाही. अन्नामलै विद्यापीठातल्या गटाने रॅटवर जी मालिका केली, तिच्यात १५ आठवडे डीएमएच आणि एकूण ३० आठवड्यांचा प्रयोग अशी चाकोरी दिसते. तुमचा १० आणि १६. मधल्या १४ आठवड्यांतच पुंजक्याची गाठ होते. पुढे आठवडे किती लागतात हे रॅटचं वय, नर की मादी, कुठल्या ब्रीडरकडचे आणि काय खाल्लं यावर अवलंबून आहे. स्निग्ध पदार्थ वाढले की गाठी वाढतात, पोटभर न मिळालेल्या प्राण्यात कमी होतात.

खाण्याचं मी अनुभवाने सांगते. ऑगस्ट २०१९च्या पुरात पंचगंगेचं पाणी चढलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला आणि पुण्याहून येणारं खाद्य अडकलं. मी तेव्हा ज्या प्राणिगृहात काम बघत होते, तिथे तीस रॅट प्रयोगाच्या मध्यावर. उरलेल्या पेलेट मोजून वाटल्या, नंतर मका आणि हरभरा भरडून दिला. मी रोज वजनं घेतली, दर पिंजऱ्याची. सगळ्यांची घटली. तो प्रयोग आम्ही पूर्ण केला, पण त्या आठवड्यांचं खाणं आणि वजनं प्रबंधात स्वतंत्र पानावर छापली, आणि गाठींच्या संख्येवरून कुठलाही ठाम दावा केला नाही. परीक्षकांनी ते पान वाचून एकही हरकत घेतली नाही.

डोस दुप्पट करण्याचा विचार सोडा. एक तर समितीने मंजूर केलेल्या प्रोटोकॉलपेक्षा वेगळा डोस म्हणजे संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडून नव्याने मंजुरी. सीसीएसईएचे, म्हणजे ज्याला पूर्वी सीपीसीएसईए म्हणायचे त्याचे, नियम इथे स्पष्ट आहेत. दुसरं, डोस वाढवला की गाठी लवकर येतीलच असं नाही, यकृत मात्र नक्की झिजेल. रॅट गाठीने मरण्याआधी यकृताने मरतील, आणि त्यांचे हाल होतील ते वेगळेच. कुणी डीएसएस, म्हणजे आतड्याला सूज आणणारं डेक्स्ट्रान सल्फेट, पाण्यातून द्यायला सांगेल. तनाका यांनी २००३ साली माऊसमध्ये अझॉक्सिमिथेनचा एक डोस आणि आठवड्यानंतर सात दिवस २ टक्के डीएसएस देऊन २० आठवड्यांत गाठी आणल्या, हे खरं. पण तो कोलायटिसवर, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेवर, उभा राहिलेला कॅन्सर. तुमच्या अर्काचा प्रश्न सूज कमी होण्याचा नसेल, तर तिकडे जाऊ नका.

गटात सहा प्राणी, हाही मुद्दा आहे. समजा ३० आठवडे थांबलात, डीएमएच गटात सहाच्या सहांना गाठ आणि अर्क गटात सहांपैकी दोघांनाच. डोळ्यांना हा फरक प्रचंड वाटतो. फिशरच्या चाचणीत, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे बघणाऱ्या गणितात, पी येतो ०.०६, आणि तो ०.०५च्या खाली आला तरच फरक लक्षणीय धरतात. म्हणजे इतका टोकाचा निकाल लागूनही तुम्ही ‘लक्षणीय’ लिहू शकत नाही. एसीएफ मोजलेत तर प्रत्येक रॅटमागे एक पूर्ण आकडा मिळतो, ८७, १२४, ६१ असा, आणि सहा प्राण्यांतही काहीतरी बोलता येतं. म्हणूनच मी एसीएफकडे वळवतेय. हाताशी गाठ नाही म्हणून केलेली ही तडजोड नव्हे. या वेळेला आणि एवढ्या प्राण्यांत विचारण्याजोगा प्रश्नच तो आहे. फक्त प्रबंधाचं नाव बदला: ‘कॅन्सरवर परिणाम’ असं न लिहिता ‘डीएमएचमुळे होणाऱ्या एसीएफवर परिणाम’ असं लिहा.

आता तुम्ही न विचारलेली, पण व्हायव्हात हमखास विचारली जाणारी गोष्ट. अर्क कधी दिलात? डीएमएचच्या इंजेक्शनांबरोबरच दिला असेल आणि एसीएफ कमी निघाले, तर दोन अर्थ होतात. एक, अर्काने बिघडलेल्या पेशींची वाढ रोखली. दुसरा, अर्काने यकृतातलं एन्झाइमच दाबलं, मॅम तयारच कमी झालं, आणि आतड्यापर्यंत विष पोचलंच नाही. १९७०च्या दशकात वॉटनबर्ग यांनी दारू सोडवण्यासाठी वापरतात ते डायसल्फिराम डीएमएचबरोबर माऊसना दिलं आणि गाठी थांबल्या. डायसल्फिराम कॅन्सरचं औषध आहे म्हणून नव्हे, तर ते डीएमएचची वाट अडवतं म्हणून. माणूस काही डीएमएच टोचून घेत नाही, त्यामुळे या दुसऱ्या प्रकारच्या संरक्षणाचा त्याला उपयोग नाही. शेवटच्या इंजेक्शननंतर आठवडाभराने अर्क सुरू केलेला एखादा गट तुमच्याकडे असेल, तर तो सोन्यासारखा जपा, तुमचा सगळा दावा त्याच्यावर उभा राहील. नसेल तर दोन्ही अर्थ शक्य आहेत असं स्पष्ट लिहा.

माणसाविषयी निष्कर्षात एकच परिच्छेद पुरे. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये बहुतांश वेळा बिघडतो तो एपीसी जीन, रॅटमध्ये बहुधा बीटा-कॅटेनिन. वाट एकच, अडथळा वेगळ्या जागी. शिवाय रॅटमधल्या या गाठी सहसा दूर पसरत नाहीत, प्राणी जातो तो रक्तस्रावाने किंवा आतडं अडून. आणि गव्हाच्या कोंड्याचं उदाहरण विसरू नका. प्राण्यांच्या अनेक प्रयोगांत कोंड्याने गाठी कमी झाल्या होत्या, पण २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, एकीत कोंडा आणि दुसरीत कमी स्निग्ध, जास्त तंतूंचा आहार दिला, तरी माणसांत पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या गाठी, पुन्हा येण्याचं प्रमाण घटलं नाही. आपल्याकडच्या हळदीतल्या कर्क्युमिनने अझॉक्सिमिथेन दिलेल्या रॅटमध्ये गाठी कमी होतात हे १९९५ साली दाखवलं गेलं, आणि तो प्रयोग मला फार आवडतो. पण त्याच्या जोरावर मी कुणा रुग्णाला कोलोनोस्कोपी टाळा असं कधी सांगणार नाही.

तर आज कॉलेजात गेल्यावर आधी बरण्या बघा. सगळं आतडं एसओडी आणि कॅटलेज ही एन्झाइम मोजायला होमोजिनायझरमध्ये, म्हणजे ऊती वाटून काढणाऱ्या यंत्रात, गेलं असेल, तर एसीएफ मोजता येणार नाहीत आणि मग गाईडांचं म्हणणं खरं, नवा प्रयोग, या वेळी ३० आठवड्यांचा. अर्धं जरी फॉर्मलिनमध्ये असेल, तरी ते काढा. नळीसारखंच टाकलं असेल आणि वळलं असेल, तर पाण्यात तासभर ठेवून बारीक कात्रीने सावकाश चिरा आणि दोन काचांमध्ये दाबून सपाट करा. काही तुकडे फाटतील, तेवढे सोडून द्या. फॉर्मलिन ढगाळ झालं असेल तर बदला. मोजण्याआधी मित्राला सांगून प्रत्येक बरणीवर आकडा घालून घ्या आणि कुठला आकडा कुठल्या गटाचा याची चिठ्ठी त्याच्याकडेच ठेवा, मोजून होईपर्यंत मागू नका. आकडा कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनेच लिहा आणि चिठ्ठी बरणीच्या आत टाका. बाहेर मार्करने लिहिलेलं फॉर्मलिनचा एक ओघळ लागला की पुसून जातं.